अनुभवी गुंतवणूकदारांकडून शेअर बाजार शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीतील आमचा अभ्यासगट दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरतो. त्यात नव्याने येणारे लोक बहुधा तेच प्रश्न विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत. आमच्यापैकी कोणीही सेबीकडे (शेअर बाजाराच्या नियामकाकडे) नोंदणी केलेला सल्लागार नाही. त्यामुळे कोणता शेअर घ्यावा याचे उत्तर येथे मिळणार नाही, आणि ज्या कंपन्यांची नावे आली आहेत ती केवळ उदाहरणादाखल आली आहेत.

अनुभवी गुंतवणूकदाराकडून नेमके काय शिकायचे असते?

बहुतेक नवे सदस्य पहिल्याच बैठकीत विचारतात की अमुक मोठ्या गुंतवणूकदाराने सध्या काय घेतले आहे. आम्ही त्यांना दुसरा प्रश्न विचारायला सांगतो: त्याने ते का घेतले, किती घेतले आणि कोणत्या परिस्थितीत तो ते विकेल? यांपैकी 'का' याविषयी मुलाखतींतून थोडेफार कळते, पण 'किती' याबद्दल फारसे कोणी बोलत नाही आणि 'कधी विकेल' हे तर जवळजवळ कोणीच सांगत नाही. आमच्या मते शिकण्यासारखे सर्वांत जास्त या शेवटच्या दोन गोष्टींतच असते.

नामवंत गुंतवणूकदार राकेश झुनझुनवाला यांचे उदाहरण घ्या. 1985 मध्ये त्यांनी 5,000 रुपयांवर सुरुवात केली आणि पुढे टायटनमधून अफाट संपत्ती उभी केली, हे आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. मात्र टायटन त्यांच्याकडे आले ते 2000 नंतरच्या काळात. त्याआधीचे भांडवल टाटा टी, सेसा गोवा यांसारख्या शेअरांतील मोठ्या आणि जोखमीच्या सौद्यांतून उभे राहिले होते, आणि अखेरपर्यंत त्यांनी ट्रेडिंग (थोड्या काळासाठीची खरेदी-विक्री) व दीर्घकालीन गुंतवणूक या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या होत्या. टायटनमधील त्यांचा हिस्सा 2008 च्या पडझडीतही कायम होता. 'चांगला शेअर घ्या आणि विसरून जा' एवढाच बोध या कहाणीतून काढणाऱ्याने तिचा उत्तरार्ध तेवढा वाचला आहे, असे म्हणावे लागते.

मोठ्या गुंतवणूकदारांनी घेतलेलेच शेअर आपण घेतले, तर काय बिघडले?

हा प्रयोग मी स्वतः केलेला असल्यामुळे याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

सूचिबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांना दर तिमाही संपल्यावर 21 दिवसांच्या आत आपल्या भागधारकांचा तपशील शेअर बाजाराकडे द्यावा लागतो. प्रवर्तक (कंपनी उभी करणारे किंवा तिच्यावर ताबा असणारे) नसलेल्या ज्या भागधारकाकडे एक टक्का किंवा त्याहून अधिक हिस्सा असतो, त्याचे नाव या तपशिलात दिसते. काही वर्षांपूर्वी एका लहान कंपनीच्या यादीत मला एका नामवंत गुंतवणूकदाराचे नाव प्रथमच दिसले. वर्तमानपत्रात बातमी आली, भाव दोन दिवसांत चढला आणि मी 212 रुपयांना शेअर घेतले. त्या गृहस्थांनी ते तिमाहीच्या सुरुवातीला, बहुधा माझ्यापेक्षा निम्म्या भावात घेतले असावेत, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही. पुढच्या तिमाहीच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. त्यांनी सगळे विकले होते की हिस्सा एक टक्क्याच्या खाली आल्यामुळे नाव दिसेनासे झाले होते, हे त्या तक्त्यावरून कळण्याची काहीच सोय नसते. मी आशेवर थांबलो आणि शेवटी 84 रुपयांना बाहेर पडलो.

तोट्याची रक्कम आता महत्त्वाची वाटत नाही. वाटते ती दुसरीच गोष्ट. त्या गृहस्थांच्या एकूण संपत्तीत त्या कंपनीचा वाटा एक टक्काही नसावा. माझ्या जमाखर्चात मात्र तो जवळपास चौथा हिस्सा होता. आमच्या दोघांच्या खात्यांत शेअर एकच असला, तरी गुंतवणूक एक नव्हती. त्यांच्यासाठी ती चाचपणी होती, माझ्यासाठी ती पैज होती. शिवाय त्यांनी काय गृहीत धरले होते हे मला ठाऊक नसल्यामुळे ते गृहीतक केव्हा मोडले हेही मला कळणे शक्य नव्हते. उसना घेतलेला शेअर भाव पडल्यावर सांभाळता येत नाही, कारण तो का घेतला याचे उत्तर आपल्याजवळ नसते.

मग अशा याद्यांचा काहीच उपयोग नाही का?

अभ्यासाचा विषय निवडण्यासाठी जरूर आहे. म्युच्युअल फंडही आपल्या योजनांतील शेअरांची यादी दर महिना संपल्यावर दहा दिवसांत प्रसिद्ध करतात. एखादी अपरिचित कंपनी दोन-तीन विचारी फंड व्यवस्थापकांच्या यादीत हळूहळू वाढताना दिसली, तर तिचा वार्षिक अहवाल उघडून पाहावा. खरेदीची सूचना म्हणून ती यादी वापरणे मात्र वरातीमागून घोडे नाचवण्यासारखे आहे.

'अनुभवी' कोणाला म्हणावे?

ज्याने स्वतःच्या पैशांसह किमान एक मोठी मंदी पार केली आहे, त्याला. जानेवारी 2008 मध्ये मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स 21,000 च्या वर गेला होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो 8,000 च्या खाली आलेला लोकांनी पाहिला. 2020 मध्ये जानेवारीत 42,000 च्या वर असलेला निर्देशांक 23 मार्चला 26,000 च्याही खाली बंद झाला. फरक असा की दुसऱ्या वेळी तो इतक्या झपाट्याने सावरला, की जानेवारी 2021 मध्ये त्याने 50,000 चा टप्पा ओलांडला. त्यामुळे 2020 च्या उन्हाळ्यात बाजारात उतरलेल्या पिढीला घसरण म्हणजे खरेदीची संधी एवढेच समीकरण माहीत झाले. 1992 च्या रोखे घोटाळ्यानंतरची किंवा 2001 नंतरची मरगळ ज्यांनी अनुभवली, ते याविषयी बरेच सावधपणे बोलतात.

दुसरी कसोटी नोंदीची आहे. पडद्यावर दाखवलेला नफ्याचा फोटो ही नोंद नव्हे. एकाच माणसाची दहा खाती असू शकतात आणि त्यांतले नफ्यातले एकच तो दाखवू शकतो. फंड व्यवस्थापकाची कामगिरी मात्र रोज जाहीर होणाऱ्या निव्वळ मालमत्ता मूल्यातून (फंडाच्या एका युनिटच्या किमतीतून) कोणालाही तपासता येते, आणि त्यात वाईट वर्षे झाकता येत नाहीत. म्हणून नवख्या माणसाने शिकण्यासाठी शक्यतो ज्यांच्या चुकाही सार्वजनिक आहेत अशांची निवड करावी.

सल्लागार, विश्लेषक आणि शिक्षक यांत फरक काय? नोंदणी कशी तपासावी?

गुंतवणूक सल्लागारांसाठी सेबीचे नियम 2013 चे आहेत आणि संशोधन विश्लेषकांसाठीचे 2014 चे. सल्लागार तुमचे उत्पन्न, देणी, वय आणि जोखीम पेलण्याची क्षमता पाहून तुमच्यापुरता सल्ला देतो. विश्लेषक शेअरविषयी अहवाल किंवा शिफारस देतो; ती तुमच्या परिस्थितीला मानवेल की नाही, हे त्याने पाहिलेले असतेच असे नाही. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी आणि विश्लेषकाचा 'आयएनएच' या अक्षरांनी सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावरील मध्यस्थांच्या यादीत तो क्रमांक घालून नाव, पत्ता आणि मुदत स्वतः पडताळून पाहावी. भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र पाहून समाधान मानू नये, कारण दुसऱ्याचा क्रमांक वापरल्याची प्रकरणे घडलेली आहेत.

केवळ शिक्षण देणाऱ्याला नोंदणी लागत नाही, आणि नेमकी हीच फट अनेकांनी वापरली. वर्ग 'शिक्षणाचा' म्हणायचा आणि फळ्यावर चालू बाजारातला शेअर, त्याचा आजचा भाव व उद्याचे लक्ष्य लिहायचे, असा तो प्रकार होता. जानेवारी 2025 मध्ये सेबीने स्पष्ट केले की केवळ शिक्षण देत असल्याचे सांगणाऱ्याने शेअरांविषयी बोलताना मागील तीन महिन्यांतील भाव वापरता कामा नयेत. एखाद्या वर्गाचा खरा हेतू ओळखायला ही कसोटी सोपी आहे. ज्याला पद्धत शिकवायची आहे, त्याचे जुन्या उदाहरणावर काहीच अडत नाही. उलट पुढे काय झाले हे माहीत असल्यामुळे ती अधिक नीट शिकवता येते.

पन्नास हजार किंवा लाखभर रुपये शुल्क असलेला वर्ग लावावा का?

आमच्या अनुभवावरून सांगायचे, तर पहिल्या दोन वर्षांत लावू नये. तोपर्यंत काय शिकायचे राहिले आहे हेच आपल्याला ठाऊक नसते. तुलनेसाठी सांगतो: सेबीने नोंदणीकृत विश्लेषकाला वैयक्तिक ग्राहकाच्या एका कुटुंबाकडून वर्षाला 1,51,000 रुपयांहून अधिक शुल्क घेण्यास मनाई केली आहे. नियमाखाली काम करणाऱ्या, उत्तरदायी असलेल्या माणसाच्या शुल्काला जर ही मर्यादा असेल, तर दोन शनिवार-रविवारच्या शिबिरासाठी लाखभर रुपये मागणारा नेमके काय विकतो आहे, हे विचारायला हरकत नसावी.

पायाभूत ज्ञानासाठी राष्ट्रीय रोखे बाजार संस्था, म्हणजे एनआयएसएम, हा चांगला मार्ग आहे. तिचे संकुल रायगड जिल्ह्यात रसायनीजवळ पाताळगंगा येथे आहे, मात्र परीक्षा देण्यासाठी तिथे जावे लागत नाही. सेबी आणि ही संस्था मिळून गुंतवणूकदारांसाठी जी ऐच्छिक प्रमाणपत्र परीक्षा घेतात ती विनामूल्य आहे. त्यापुढे जायचे असेल, तर संशोधन विश्लेषकांसाठीच्या परीक्षेचा अभ्यासक्रम वाचावा. व्यवसाय करायचा नसला, तरी ताळेबंद वाचण्याची शिस्त त्यातून लागते.

व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवरील गटांत 'तज्ज्ञ' रोज शेअर सुचवतात. त्यांचे काय?

गटातून बाहेर पडावे. प्रसिद्ध गुंतवणूकदाराचा फोटो, हमखास परताव्याचे आश्वासन आणि एखादे अनोळखी ॲप उतरवून त्यात पैसे भरण्याची विनंती, यांतली एक गोष्ट जरी आढळली, तरी पुढे चर्चा करण्याचे कारण उरत नाही. नोंदणीकृत सल्लागार किंवा विश्लेषकाला परताव्याची हमी देण्याची परवानगीच नाही.

व्यावसायिक गुंतवणूकदार वार्षिक अहवाल कसा वाचतात?

बरेच जण तो मागून वाचतात. पुढची गुळगुळीत पाने, अध्यक्षांचे हसरे छायाचित्र आणि उज्ज्वल भविष्याची वाक्ये ही शेवटी पाहायची असतात. आधी लेखापरीक्षकांचा अहवाल, मग रोख प्रवाहाचे पत्रक, त्यानंतर ताळेबंदाखालच्या टिपा, संबंधित पक्षांशी (प्रवर्तकांचे नातेवाईक, त्यांच्या इतर कंपन्या) झालेले व्यवहार आणि संभाव्य दायित्वे (पुढे द्याव्या लागू शकतील अशा रकमा) पाहावीत. प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण ठेवले आहेत का, हे तिमाही तपशिलातून कळते.

एक छोटे उदाहरण घेऊ. समजा, एका कंपनीची विक्री 100 कोटींवरून 112 कोटींवर गेली. बातमीत 'विक्रीत 12 टक्के वाढ' असे छापून येईल. आता ताळेबंदात ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम पाहा. ती 20 कोटींवरून 38 कोटी झाली असेल, तर आदल्या वर्षी पैसे वसूल व्हायला सुमारे 73 दिवस लागत होते आणि या वर्षी सुमारे 124 दिवस लागत आहेत. विक्री 12 कोटींनी वाढली आणि उधारी 18 कोटींनी. याचा अर्थ वाढीव विक्रीचा एक रुपयाही हातात आलेला नाही, उलट जुन्यातलेच काही अडकले. कदाचित मोठे सरकारी कंत्राट मिळाले असेल आणि त्याचे पैसे उशिरा येतात. कदाचित मार्चअखेरीस माल विक्रेत्यांच्या गळ्यात मारून आकडा फुगवला असेल. कोणते खरे, हे शोधण्यासाठी पुढच्या तिमाहीचा निकाल आणि व्यवस्थापनाच्या विश्लेषकांशी झालेल्या संवादाची लिखित प्रत वाचावी लागते. ही प्रत शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर कोणालाही मिळते. आमच्या गटात नव्या सदस्याकडून पहिल्या तीन महिन्यांत एवढा एकच हिशेब वेगवेगळ्या दहा कंपन्यांसाठी करून घेतला जातो. कंटाळवाणे काम आहे, आणि अर्धे सदस्य याच टप्प्यावर गळतात.

हिशेब तपासला म्हणजे फसगत टळतेच, असेही नाही. सत्यम कॉम्प्युटर या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी 7 जानेवारी 2009 रोजी पत्र लिहून कबुली दिली, तेव्हा ताळेबंदातील 5,361 कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. लेखापरीक्षकांनी त्या ताळेबंदावर सही केली होती, कंपनीत मोठमोठ्या देशी-विदेशी संस्थांचा पैसा होता. तरीही एक इशारा तीन आठवडे आधी उघडपणे मिळाला होता: डिसेंबर 2008 मध्ये कंपनीने प्रवर्तकांच्याच कुटुंबाशी संबंधित असलेल्या दोन बांधकाम कंपन्या विकत घेण्याचे ठरवले आणि गुंतवणूकदारांच्या संतापामुळे काही तासांतच तो निर्णय मागे घेतला. सॉफ्टवेअर कंपनीला घरे आणि रस्ते बांधणाऱ्या कंपन्या कशाला हव्यात, हा प्रश्न विचारायला सनदी लेखापालाची पदवी लागत नव्हती. ज्यांनी तो विचारून त्याच आठवड्यात शेअर विकले त्यांचा तोटा झाला, पण थोडे तरी पैसे हाती राहिले.

वॉरन बफे किंवा पीटर लिंच यांची शिकवण भारतात लागू पडते का?

विचार लागू पडतो. रचना पडत नाही. बफे यांच्या बर्कशायर हॅथवे या अमेरिकी कंपनीकडे विमा कंपन्या आहेत, आणि विमाधारकांनी भरलेला पण दाव्यांपोटी अद्याप द्यावा न लागलेला पैसा तिला गुंतवणुकीसाठी वापरता येतो. तुमच्या-माझ्याकडे असे वापरायला मिळणारे दुसऱ्याचे पैसे नसतात, असलेच तर ते कर्ज असते आणि त्याचा हप्ता पाच तारखेला जातो. बर्कशायर संपूर्ण कंपनी विकत घेऊन तिचा कारभारी बदलू शकते, आपण फक्त शेअर विकू शकतो. भारतात अनेक कंपन्यांत प्रवर्तक कुटुंबाचा हिस्सा निम्म्याहून अधिक असतो, त्यामुळे इथे धंद्याच्या आधी माणूस तपासावा लागतो.

पीटर लिंच यांनी 1977 ते 1990 या काळात फिडेलिटीचा मॅगेलन फंड चालवून वर्षाला सरासरी 29 टक्क्यांच्या आसपास परतावा दिला. आपल्या रोजच्या पाहण्यातल्या धंद्यांकडे लक्ष द्या, हा त्यांचा सल्ला फार लोकप्रिय झाला आणि तितकाच अर्धवट समजला गेला. डीमार्टचेच पाहा. पहिले दुकान 2002 मध्ये पवईत उघडले. मुंबई-ठाणे परिसरातल्या गृहिणींना त्या दुकानाचे गणित विश्लेषकांच्या कितीतरी आधी कळले होते, कारण महिन्याच्या सामानाच्या बिलातला फरक त्यांच्या हाती होता. कंपनीचा शेअर मात्र मार्च 2017 मध्येच, 299 रुपयांना विक्रीला आला आणि बाजारात पहिल्याच दिवशी 600 च्या वर उघडला. धंदा उत्तम आहे हे कळल्यानंतरचा कठीण प्रश्न तेव्हा सुरू झाला: उत्तम धंद्याला किती किंमत द्यायची? दुकानातल्या रांगेवरून त्याचे उत्तर मिळत नाही. लिंच स्वतःही दुकान आवडल्यावर लगेच शेअर घेत नसत, कंपनीचे हिशेब तपासत असत. पण तो भाग कोणी पुढे पाठवत नाही.

मोठ्या गुंतवणूकदारांच्या चुकांमधून काय शिकता येते?

आमच्या मते यशोगाथांपेक्षा जास्त. बफे यांनी भागधारकांना लिहिलेली 1977 पासूनची पत्रे बर्कशायरच्या संकेतस्थळावर फुकट उपलब्ध आहेत. त्यांची भाषा सोपी आहे आणि त्यांत चुकांची कबुली वारंवार येते. 1993 मध्ये त्यांनी डेक्स्टर ही पादत्राणे बनवणारी कंपनी विकत घेतली. स्वस्त परदेशी मालापुढे ती काही वर्षांतच निरुपयोगी ठरली. ही झाली पहिली चूक. दुसरी त्याहून मोठी होती: किंमत त्यांनी रोख न देता बर्कशायरचे शेअर देऊन चुकती केली होती. पुढे ते शेअर जसजसे वाढत गेले, तसतशी त्या खरेदीची खरी किंमतही वाढत राहिली. चांगली वस्तू देऊन वाईट वस्तू घेणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही. आपणही वाढत्या शेअरमधून नफा काढून, त्यातून पडता शेअर आणखी घेऊन त्याच्या खरेदीची सरासरी किंमत कमी करतो, तेव्हा लहान प्रमाणात तेच करत असतो.

याउलट, मागे वळून सांगितलेल्या यशोगाथा फसव्या असतात. पुण्यात 1981 मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिसचे शेअर 1993 मध्ये 95 रुपयांना विक्रीला आले होते. 'तेव्हा शंभर घेतले असते तर' हे गणित प्रत्येक लग्नसमारंभात कोणीतरी मांडतोच. त्या वेळी विक्रीला काढलेल्या सगळ्या शेअरांना मागणी आली नव्हती आणि मॉर्गन स्टॅन्ले या अमेरिकी वित्तसंस्थेने मोठा हिस्सा उचलला म्हणून वेळ निभावली, हे तो सांगत नाही. आज जे उघड दिसते ते त्या दिवशी जवळजवळ कोणालाच दिसले नव्हते.

शिकलेले आपल्या निर्णयांत उतरवायचे कसे?

एक साधी दोनशे पानी वही घ्यावी. प्रत्येक खरेदीच्या आधी, ऑर्डर टाकण्यापूर्वी, तीत लिहावे. माझ्या वहीतले एक पान असे आहे, कंपनीचे नाव तेवढे गाळतो: 'पंपांचे सुटे भाग. भाव 640. एकूण गुंतवणुकीच्या 4 टक्के. कारण: कर्ज तीन वर्षांत निम्मे झाले, नवा कारखाना मार्चपर्यंत सुरू होणार. चूक ठरेल जर: कारखाना सप्टेंबरपर्यंत सुरू झाला नाही, किंवा कर्ज पुन्हा वाढले. भाव पडणे हे विकण्याचे कारण नाही.' सप्टेंबर उलटला, कारखाना सुरू झाला नाही आणि दरम्यान भाव 710 झाला होता. वहीत लिहिलेले नसते, तर 'वाढतो आहे, मग कशाला विका' असे मी स्वतःला नक्कीच समजावले असते. विकला. नंतर तो आणखी वर गेला, हेही त्याच पानावर लिहून ठेवले आहे.

अशा तीस-चाळीस नोंदी झाल्या, की आपली स्वतःची खोड दिसू लागते. कोणी नेहमी लवकर विकतो, कोणी तोट्यातला शेअर कुरवाळत बसतो. कुठल्याही गुरूला ती बाहेरून दिसत नाही.

मूल्य, वृद्धी की गती, यांपैकी कोणती पद्धत शिकावी?

ज्या पद्धतीत तुम्हाला रात्री झोप येते ती. स्वस्त पडलेले शेअर धरून बसायला वर्षानुवर्षे हसे सहन करावे लागते. वाढत्या कंपन्यांसाठी महाग भाव मोजण्याची तयारी लागते. भावाच्या गतीमागे जाणाऱ्याला लहान तोटे पटापट स्वीकारावे लागतात. शिवाय कराचाही हिशेब आहे. 23 जुलै 2024 पासून सूचिबद्ध शेअर वर्षभराच्या आत विकल्यास नफ्यावर 20 टक्के कर लागतो आणि त्यानंतर विकल्यास वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर 12.5 टक्के. दोन पद्धतींची सरमिसळ मात्र महागात पडते. चार दिवसांसाठी घेतलेला शेअर पडला म्हणून तो 'दीर्घकालीन गुंतवणूक' झाल्याचे जाहीर करणारे सदस्य प्रत्येक बैठकीत भेटतात.

फ्युचर्स आणि ऑप्शन्स शिकावेत का?

हे पुढच्या तारखेच्या भावावर केलेले करार असतात. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के लोकांचा तोटा झाला, आणि तीन वर्षांचा एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. समोरच्या बाजूला संगणकीय पद्धतीने व्यवहार करणाऱ्या मोठ्या संस्था असतात. नोकरी सांभाळून, जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर त्यांच्याशी सामना करण्याचे कारण आम्हाला सापडलेले नाही.

एवढा अभ्यास करायला वेळ नसेल तर?

तर निर्देशांक फंड (निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड) घ्यावा, आणि तसे करताना कमीपणा वाटून घेऊ नये. बफे यांनी 2008 च्या सुरुवातीपासून 2017 च्या अखेरपर्यंत एक जाहीर पैज लावली होती: एका बाजूला अमेरिकेतील एस अँड पी 500 निर्देशांकाचा साधा फंड, दुसऱ्या बाजूला व्यावसायिकांनी निवडलेले, अनेक हेज फंडांत (श्रीमंतांचे व संस्थांचे पैसे गुंतवणाऱ्या खासगी फंडांत) पैसे ठेवणारे पाच फंड. दहा वर्षांत निर्देशांक फंड 125.8 टक्के वाढला आणि त्या पाचांपैकी सर्वोत्तम फंड 87.7 टक्के. व्यवस्थापनाच्या शुल्कावर शुल्क चढत गेले, हे त्यामागचे मोठे कारण होते. आमच्या गटातील निम्म्याहून अधिक सदस्यांची मुख्य गुंतवणूक निफ्टी या निर्देशांकाच्या फंडात दरमहा जाते, आणि शेअर निवडण्याचा अभ्यास ते उरलेल्या 10 ते 15 टक्क्यांवर करतात. माझेही तसेच आहे.

अनुभवी लोकांना प्रत्यक्ष प्रश्न विचारण्याची संधी सामान्य माणसाला मिळते का?

मिळते, आणि ती फार थोडे लोक घेतात. कंपनीचा एक शेअर जरी नावावर असला, तरी वार्षिक सर्वसाधारण सभेला हजर राहता येते. 2020 पासून बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या सभा ऑनलाइन होऊ लागल्यामुळे डोंबिवलीहून चर्चगेटला जाण्याची दगदगही उरली नाही. बोलायचे असेल, तर सभेच्या सूचनेत दिलेल्या मुदतीत ईमेलवर डीमॅट खात्याचा क्रमांक कळवून वक्ता म्हणून नाव नोंदवावे लागते.

प्रश्न नेमका असावा. बरेच भागधारक दिलेल्या तीन मिनिटांतली दोन अध्यक्षांचे अभिनंदन करण्यात आणि उरलेले एक बोनस शेअर मागण्यात घालवतात. आमच्या गटातील रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी गेल्या वर्षी एका रंग उत्पादक कंपनीच्या सभेत अहवालातील पानाचा क्रमांक सांगून विचारले, की गोदामांचे भाडे एका वर्षात इतके वाढले असताना साठा मात्र कमी कसा दिसतो. अध्यक्षांनी प्रश्न वित्त अधिकाऱ्यांकडे सोपवला. त्यांनी दोन नवी गोदामे मार्चमध्ये ताब्यात घेतल्याचे आणि त्यांत माल मेपासून ठेवल्याचे सांगितले. काकांनी ते उत्तर तारखेसह आपल्या वहीत उतरवून घेतले, आणि पुढच्या दोन तिमाहींचे आकडे हाती आल्यावर ते पडताळून पाहणार आहेत.